बोटीर गेलेल्या पणजोबांचा माग

"आमचो पणजो बोटीर गेलो, तो परत इलोच नाय." मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या कितीतरी घरांची कथा या एका वाक्यावर येऊन थांबते. कुणी गिरणीत लागला, कुणी आगबोटीवर खलाशी झाला, कुणी पलटणीत भरती झाला. मागे राहिलेल्यांनी वाट पाहिली, मग भाद्रपदात त्याच्या नावाने पान मांडायला लागले, आणि दोन पिढ्यांनंतर पान राहिलं पण माणूस कोण होता हे सांगणारं कुणी उरलं नाही.

असा माणूस शोधायचा तर स्मशानात जाऊन उपयोग नाही. इथल्या बहुतेक हिंदू घरांत दहन होतं, अस्थी खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात जातात, दगड मागे राहत नाही. ख्रिस्ती आणि मुसलमान कुटुंबांत दफन होतं, पण तिथेही प्रत्येक कबरीवर नाव असतंच असं नाही. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारत राहायचा: या माणसाचं नाव लिहून ठेवण्याची गरज कुणाला पडली असेल? साऱ्यासाठी तलाठ्याला, पटासाठी मास्तरांना, म्हाळासाठी म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धासाठी भटजींना, बाप्तिस्म्यासाठी पाद्रींना, पगारासाठी कंपनीला. ज्याला गरज पडली त्याच्या दप्तरात नाव आहे. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका प्रश्नाचाच विस्तार आहे.

आधी घर, मग कचेरी

सुरुवात घरातल्या सगळ्यांत वयस्क बायकांपासून करा. जमिनीच्या गोष्टी पुरुषांना ठाऊक असतात, पण कोण कुणाकडे राहायला गेलं, मनीऑर्डर कुठून यायची, कुणाच्या लग्नाला कोण नव्हतं, हे आजी, आत्या आणि पणजीच्या माहेरची माणसं सांगतात. "आपला इतिहास सांगा" असं विचारलंत तर कुणी बोलणार नाही. "मुंबईक खंयच्या खोलयेत रवायचो?", "तेच्या वांगडा कोण गेलेलो?" असं विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. चवथीला आणि आंगणेवाडीच्या जत्रेला चाकरमानी आणि माहेरवाशिणी गावात असतात. एरवी महिनाभर फोन करूनही न भेटणारी माणसं तेव्हा एका पडवीत भेटतात.

टोपणनाव आणि कागदावरचं नाव वेगळं लिहून घ्या. घरात सगळे ज्याला बाबलो म्हणत, तो कागदावर विष्णू असू शकतो. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे एकाच घराण्यात एकाआड एक पिढीत तेच नाव येतं. वंशावळीतल्या निम्म्या चुका इथेच होतात.

मग पेटी उघडा. मनीऑर्डरची कुपनं, गिरणीचा पास, खलाशाची नळी म्हणजे डिस्चार्ज बुक, फोटोच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का, कुंडली. कुंडलीत शक, तिथी आणि बापाचं नाव असतं, हे लोक विसरतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९. किनाऱ्यावरच्या दमट हवेत आणि वाळवीत कागद टिकत नाही, तेव्हा पाहिलेल्या प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. लॅमिनेशन मात्र करू नका.

म्हाळाची तिथी बोलते

ज्याची कुठेच नोंद नाही असं वाटतं त्याचंही नाव म्हाळाच्या यादीत असू शकतं. पितृपक्षात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो, शिवाय चुलते, आत्या, मातुल घराण्यातली माणसं येतात. भटजींच्या किंवा घरातल्या जुन्या वहीत ही यादी लिहिलेली असते. ती उतरवून घ्या आणि कोणाचं श्राद्ध कोणत्या तिथीला होतं ते पाहा.

अविधवा नवमीला जिचं पान असतं, ती नवऱ्याच्या हयातीत गेली. घातचतुर्दशीचं श्राद्ध हे शस्त्राने, अपघाताने किंवा बुडून गेलेल्यांचं. द्वादशी संन्याशांची. मृत्यूची तिथीच माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या. म्हणजे चतुर्दशीला नाव घेतलं जाणारा पणजोबा घरात आजारी पडून वारला नाही, आणि सर्वपित्रीला घेतला जाणारा बहुधा घरापासून लांब गेला, एवढं एकाही सरकारी कागदाशिवाय कळतं.

साधी तिथी असेल तर ती वर्षाला जोडायची. म्हाळाच्या तिथीवरून महिना कळत नाही, तो वर्षश्राद्धाच्या तिथीवरून मिळतो; वर्ष मात्र कशातूनच मिळत नाही. सरकारी नोंदीत किंवा घरच्या आठवणीत वर्ष सापडलं, की त्या सालचं पंचांग काढून इंग्रजी तारीख ठरवता येते. शके १८४० च्या आश्विन-कार्तिकातली तिथी आली, तर १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची शंका घ्यायला जागा आहे. त्या साथीने मुंबई इलाख्यात सप्टेंबरनंतरच्या महिन्यांत सर्वांत जास्त बळी घेतले.

एक सावधगिरी. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायची प्रथा होती. त्याला पालाशविधी म्हणतात. अशा माणसाची घरात पाळली जाणारी तिथी मृत्यूची नसून त्या विधीची, किंवा तो घर सोडून गेला त्या दिवसाची असू शकते.

देवघरातले टाकही पाहा. देवांच्या टाकांबरोबर पूर्वजांचे टाक असतात. गावरहाटीच्या देवळात गाऱ्हाणं घालताना मूळपुरुषाचा उल्लेख कसा होतो तो ऐका. त्यातून तारखा मिळणार नाहीत, पण घराणं गावात कुठून आलं आणि कोणत्या कुळाशी जोडलेलं आहे याचा धागा मिळतो.

कोणत्या कचेरीत जायचं?

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीच्या प्रत्येक कागदावर जिल्हा रत्नागिरी असणार. ऑनलाइन शोधतानाही 'रत्नागिरी' टाकून पाहा, नाहीतर समोरची नोंद हुकते. १९४८ पूर्वी मामला आणखी वेगळा होता. मालवण, वेंगुर्ला आणि देवगडचा किनारा ब्रिटिश मुलखात होता, तर सावंतवाडी आणि कुडाळकडचा भाग सावंतवाडी संस्थानात. पणजोबांचं घर किनाऱ्यावर आणि पणजीचं माहेर कुडाळकडे असेल, तर एकाच लग्नाची दोन घरं दोन राजवटींच्या दप्तरांत आहेत.

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आला तेव्हापासूनच्या नोंदी ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत मिळतात. त्याआधीच्या गाव नमुना १४ मध्ये असतात. त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. हे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतं. गाव, साल आणि नाव देऊन नकलेसाठी अर्ज करायचा. साल नक्की नसेल तर पाच-सात वर्षांचा टप्पा लिहा, आणि नक्कल मागण्याआधी वही पाहू द्या अशी विनंती करा. वही स्वतः चाळताना आजूबाजूची नावं दिसतात, आणि एकाच आठवड्यात एकाच वाडीतली चार माणसं गेलेली दिसली तर साथ लक्षात येते. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात राज्यभर अशा वह्या आणि शाळांची रजिस्टरं बाहेर काढली गेली, त्यांतली बरीचशी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. तुमचा शोध जातीच्या दाखल्याचा नसला तरी तीच पानं उपयोगी पडतात.

जुन्या नोंदीत आडनाव क्वचित असतं. 'रामा बिन भिवा' म्हणजे भिवाचा मुलगा रामा, मुसलमानांत 'वलद', आणि 'सखू कोम रामा' म्हणजे रामाची बायको सखू. आडनाव नाही म्हणून नोंद सोडून देऊ नका, बापाचं नाव आणि वाडी जुळते का ते बघा.

फेरफार वाचायचा कसा

कोकणात माणूस हरवतो, हिस्सा हरवत नाही. सातबारावर चाळीस-पन्नास सहहिस्सेदारांची नावं असतात आणि त्यांतली निम्मी माणसं हयात नसतात. ती नावं तिथे कशी आली हे सांगणारा कागद म्हणजे फेरफार, गाव नमुना ६. सातबारावर वर्तुळात दिसणारे आकडे हे फेरफाराचे क्रमांक. एकेक क्रमांक मागे मागे काढत जा.

जुन्या फेरफारात अशा धर्तीचा मजकूर असतो: 'खातेदार अमुक बिन तमुक सुमारे बारा वर्षांपासून परागंदा. वारस विधवा व दोन अज्ञान मुलगे, अ.पा.क. आई. वर्दी चुलत्याची.' या दोन ओळींत पुष्कळ काही आहे. माणूस बारा वर्षांपूर्वी निघून गेला. मुलं लहान होती. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, तेव्हा घर आईने चालवलं. वर्दी चुलत्याने दिली, म्हणजे एकत्र कुटुंबाची सूत्रं त्याच्याकडे. खातं आधीच त्याच्या नावावर ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून असेल, तर शंकाच नको. विधवेचा नुसता पोटगीचा हक्क 'इतर हक्कांत' लिहिलेला असेल, तर तिचं नाव शोधायला आणखी एक जागा मिळाली.

तारखेकडे मात्र जपून पाहा. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला कायदा मयत धरतो, आणि अनेक घरांत वारसनोंद भांडण लागेपर्यंत होतच नसे. मृत्यू आणि नोंद यांत तीस वर्षांचं अंतर असणं नवीन नाही.

घराणं खोताचं नव्हतं, कुळाचं होतं, तर वाट थोडी वेगळी. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण त्याआधीचं बोटखत आणि खोताचं दप्तर कुळांची नावं सांगतं. कूळकायद्याखालच्या ३२ ग च्या चौकशीत 'ही जमीन माझा आजा कसत होता' असे जबाब नोंदवलेले असतात. ज्या माणसाने आयुष्यात सही केली नाही त्याच्या घराण्याची हकिकत कित्येकदा फक्त तिथेच लिहिलेली आहे.

जुने कागद मोडीत असतील. फोटो काढून मोडी वाचकाला दाखवा. पुरालेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, तिथून तयार झालेले लिप्यंतरकार मिळतात. संचालनालयाची कार्यालयं मुंबई, पुणे आणि कोल्हापूरला आहेत.

आणि चुलतभावांना आधीच सांगून टाका की तुम्ही वाटणी मागायला आलेला नाही. जुना फेरफार काढला म्हणजे हा कोर्टात जाणार असं गावात गृहीत धरलं जातं. प्रत्येक नक्कलेची एक प्रत त्यांनाही दिलीत तर पुढची पेटी तेच उघडून देतील.

शाळेचं रजिस्टर

पणजोबा चौथीपर्यंत जरी शिकले असतील तरी गावच्या मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरात ते सापडतील. नाव, जात, जन्मस्थळ, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडल्याचं कारण असे रकाने असतात. शेवटच्या रकान्यात 'मुंबईस गेला' असं दिसलं, की परागंदा होण्याची तारीख हाती आली. पुढे इंग्रजी शिकले असतील तर मालवणच्या टोपीवाला किंवा भंडारी हायस्कूलसारख्या जुन्या शाळांत विचारा. जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली समजा.

दफनभूमीत काय पाहायचं

ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची रजिस्टरं हा सर्वांत भरवशाचा ठेवा: बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू. कबरीच्या आधी रजिस्टर पाहा. आपल्याकडच्या दफनभूमीत काही वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरली जाते, त्यामुळे कबर नाही म्हणजे माणूस इथे पुरला नाही असं होत नाही. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. पुण्याच्याही आधी या भागातल्या चर्चचं नातं गोव्याशी होतं, म्हणून जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज वळणाच्या असतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांबरोबर अनेकदा आजा-आजी आणि पाद्रीन-माद्रीन म्हणजे धर्मपिता-धर्ममाताही सापडतात. म्हणजे एका पानावर तीन पिढ्या. नावं जुळवताना कान मोकळे ठेवा: रजिस्टरात मिगेल असलेला सातबारावर मिंगेल, इनासियो तिथे इनास, जुवांवचा कुठे जॉन झालेला. पाद्रींना आधी पत्र लिहा, रविवार आणि सणाचे दिवस टाळा.

कबरीवरचा मजकूर पुसट असेल तर सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. तिरप्या प्रकाशात अक्षरं उठून दिसतात. भर दुपारी गेलात तर फोनचा टॉर्च एका बाजूने धरा. साधं पाणी शिंपडा. तारेचा ब्रश, अॅसिड किंवा खडू लावू नका. चिऱ्याचा आणि चुन्याचा पृष्ठभाग एकदा सुटला की अक्षर गेलं. शेजारच्या कबरींचेही फोटो घ्या, नातेवाईक जवळजवळ असतात. वाटेवरच्या आणि अंगणातल्या खुरसांवर (क्रॉसवर) कुणाच्या स्मरणार्थ उभारला ते कोरलेलं असतं, तेही पाहा.

कब्रस्तानात नाव लिहिलेल्या कबरी थोड्याच सापडतात. तिथे मशिदीच्या जमातीची वही आणि काझींचं निकाह दप्तर कामाला येतं. हिंदूंतही सगळेच दहन करत नाहीत: लिंगायत, गोसावी, नाथपंथी यांच्यात समाधी देतात. घराण्यात अशी समाधी असेल तर तिची पूजा कोण करतं ते विचारा, त्यालाच बाकीचं ठाऊक असतं.

मुंबई, समुद्र आणि पलटण

मुंबईत मृत्यूंची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठेवली जाते. महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात विचारायला साल आणि वस्ती दोन्ही हवीत. लालबाग, परळ, गिरगाव एवढं तरी घरातून काढा. गावमंडळांच्या खोल्यांमध्ये चाकरमानी राहायचे. त्या मंडळांच्या वर्गणीच्या आणि सभासदांच्या वह्या कुणाच्या तरी माळ्यावर पडलेल्या आहेत. मंडळाच्या जुन्या सेक्रेटरीला गाठा.

'बोट बुडाली तेव्हा गेला' असं घरात सांगत असतील तर बोटीचं नाव तपासा. रामदास १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, मालवणला येताना नव्हे. तरीही किनाऱ्यावर बुडालेला प्रत्येकजण रामदासच्या खात्यावर टाकला जातो. १९२७ मध्ये जयंती आणि तुकाराम या बोटीही बुडाल्या होत्या. साल जुळवा, आणि त्या आठवड्यांची जुनी वर्तमानपत्रं मोठ्या ग्रंथसंग्रहालयांत पाहा.

आगबोटीवरचे खलाशी युद्धकाळात गेले असतील, तर मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकात पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजार खलाशांची नावं तिथल्या आणि चितगावच्या स्मृतिग्रंथांत आहेत. ज्यांची कबर म्हणजे समुद्रच, अशांसाठीच ही स्मारकं आहेत.

शिपायांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाइन यादी मोफत आहे. आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहून पाहा, कारण भरती करणाऱ्या कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलं. नोंदीत पलटण, क्रमांक, तारीख आणि कित्येकदा बापाचं नाव, गाव, तालुका येतो. स्मारकाच्या ठिकाणावरून लढाई कळते. इराकमधलं बसरा हे पहिल्या महायुद्धाचं, फ्रान्समधलं नव शापेलही त्याच युद्धाचं. एरिट्रियातलं केरेन आणि इटलीतलं सांग्रो दुसऱ्या महायुद्धाचं. केरेन आणि सांग्रोला दहन झालेल्या हिंदी सैनिकांची वेगळी स्मारकं आहेत. बसऱ्याच्या भिंतीवर मात्र हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांची फक्त संख्या. त्यांची नावं शोधायची तर कमिशनच्या नोंदींतच. कोकणातल्या काही गावांत 'या गावातून महायुद्धावर इतकी माणसं गेली, इतकी कामी आली' अशी शिळा आहे. तिच्यावर आकडाच असतो. यादीतून गावाची नावं काढून त्या आकड्याशी जुळवा, एक कमी पडला तर स्पेलिंग बदलून पुन्हा शोधा. पेन्शनबद्दलची चौकशी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरकडे पत्राने करता येते.

तीर्थोपाध्याय आणि कुलवृत्तांत

घरातलं कुणी त्र्यंबकेश्वर, नाशिक, गोकर्ण, काशी किंवा गयेला गेलं असेल तर तिथल्या उपाध्यायांच्या वहीत नावं लिहिली गेली. गावाचं नाव सांगितलं की तुमचा उपाध्याय कोण ते तिथे कळतं. छापील कुलवृत्तांत असेल तर उत्तम, पण त्यात 'निर्वंश', 'परागंदा', 'माहिती नाही' असे शेरे जिथे आहेत तिथेच तुमचा माणूस असण्याची शक्यता जास्त. मुलींची नावं तर बहुतेक वृत्तांतांतून गळलेली असतात. पणजीच्या माहेरच्या वंशावळीत तिचं सासर नोंदलेलं सापडतं का ते पाहा.

जुळवणी आणि लिहून ठेवणं

एक नोंद म्हणजे पुरावा नव्हे. नाव, बापाचं नाव, वाडी आणि काळ, यांतल्या किमान तीन गोष्टी दोन वेगळ्या दप्तरांत जुळल्या तरच 'हाच तो' म्हणा. वंशावळीत प्रत्येक नावापुढे ते कुठून आलं ते लिहा: फेरफार क्रमांक, रजिस्टराचं पान, कोणाच्या तोंडून, कोणत्या साली. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणा. दत्तक, दुसरं लग्न, सोडून दिलेली बायको, असल्या गोष्टी कागदांत निघणारच. ज्यांची मुलंनातवंडं हयात आहेत त्यांना विचारल्याशिवाय त्या वंशावळीत किंवा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका.

जिथे काही मिळालं नाही तेही नोंदवा: 'गाव नमुना १४, १९१५ ते १९२५, पाहिला, नाही.' पुढे भाचीने किंवा पुतणीने हाच शोध उचलला तर तिला तीच वही पुन्हा चाळावी लागणार नाही, ती थेट १९२६ पासून सुरुवात करेल. आणि माणूस सापडला, तर यंदाच्या म्हाळाच्या यादीत त्याच्या नावापुढचं 'तिथी माहीत नाही' खोडून खरी तिथी घालायचं भटजींना आधीच सांगून ठेवा.